सकुबाईचा किलो

मी एक जुना ताणकाटा आहे. खर्डीजवळच्या एका पाड्यावर, शाळेच्या पडवीत, खिळ्याला लटकलेला. मित्रांनो, माझ्याशी जरा जपून बोला, कारण मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं वजन गळ्यात बांधून घेतलं की असंच होतं. कुणी खालून हळूच बोट लावतं, कुणी झोळीत खुळखुळा राहू देतं, आणि वर म्हणतं, काटाच खोटा!

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे. खाली काही टांगलं की पृथ्वी ते ओढते आणि स्प्रिंग ताणली जाते. मला कळते ती तेवढी ओढच. कारखान्यात माझ्या तोंडावर आकड्यांच्या दोन रांगा छापल्या, उजवीकडे न्यूटन आणि डावीकडे किलो. न्यूटन हे ओढीचं माप, ते माझं आपलं. किलो म्हणजे ती वस्तू मुळात आहे किती, ते. ते मला कसं कळणार? पृथ्वीची ओढ सगळीकडे जवळजवळ सारखीच, या भरवशावर कुणीतरी ते आकडे छापून टाकले होते. त्या डाव्या रांगेवर माझा पहिल्या दिवसापासून संशय.

नव्वदच्या दशकात मी या शाळेत आलो. मितेश सर सातवीला विज्ञान शिकवायचे. "वजन म्हणजे बल, आणि बल न्यूटनमध्येच सांगायचं," असं ते मला उंच धरून म्हणायचे, तेव्हा मला धन्य वाटायचं.

त्याच पडवीत देवकीताईंची अंगणवाडी भरायची. एकदा त्यांचा वजनकाटा मोडला, म्हणून मला वाशाला टांगलं आणि खाली झोळी अडकवली. सकुबाई नातीला घेऊन आली. नातीचं नाव लहानी, वर्ष उलटलेली. आई जनी वीटभट्टीवर कामाला, म्हणून पोर आजीजवळ. वजन केलं की पोराला नजर लागते असं पाड्यावर मानायचे. सकुबाईनं आधी तिच्या गालाला काजळ लावलं, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. संशयात ती माझी थोरली बहीण शोभली असती.

सर मदतीला उभे होते. त्यांनी उत्साहानं वाचलं, "पन्नास!"

"पन्नास?" सकुबाई उसळली. "पोर हाय का भाताची गोण? आमाला येडं समजता काय रे? जास्त दाखवायचं नि पोरीची सुकडी बुडवायची!" सुकडी म्हणजे अंगणवाडीत मिळणारा खाऊ.

"आजी, हे न्यूटन आहेत. चंद्रावर नेलं तर हाच काटा कमी दाखवेल, कारण तिथं ओढ..."

"चंद्रावर कोण चाललाय? पोर हितं हाय!"

ती लहानीला झोळीतून काढायला लागली. देवकीताईंचा चेहरा उतरला. पोरीचे हातपाय काटक्यांसारखे झाले होते, ती धड रडतही नव्हती. आज ही आजी रागानं गेली तर पुन्हा पोरीला घेऊन येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"आजी, काट्यावर भरवसा नको," त्या म्हणाल्या. "तुमचा किलो लावा."

सकुबाई खर्डीला स्टेशनाबाहेर काकड्या आणि कोंबड्या विकायची. दुसऱ्याच्या मापावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतःचा लोखंडी किलो सदा गाठोड्यात असायचा. तिनं तो झोळीत टाकला आणि उजवीकडे पाहिलं. जवळजवळ दहा.

"बघा! माज्या किलोचं दहा करतो. चोर हाय, चोर!"

सरांनी तळहातानं माझी उजवी रांग झाकून टाकली. मला फार लागलं ते. डावीकडे काटा बरोबर एकावर होता. सकुबाईनं किलो काढला, पुन्हा टाकला. पुन्हा एक. मग तिनं स्वतःच्या हातानं लहानीला झोळीत ठेवलं. पाच आणि वर थोडंसं.

"पाच?" तिनं काट्याजवळ तोंड नेऊन पुन्हा पाहिलं. "म्हंजे माज्या तीन कोंबड्या? वर्साची पोर नि तीन कोंबड्या?" तिनं लहानीला उचललं आणि बाजारात कोंबडी तोलून बघावी तशी हातावर जरा वेळ धरली. "खरा बोलतो गो काटा," ती देवकीताईंना म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

तडक जीप पकडून ते तिघं लहानीला शहापूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. पुढे सर वर्गात सांगायचे, "डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, किलो किती? पोर मुळात आहे किती, यावर औषध ठरतं. पृथ्वी तिला किती ओढते, यावर नाही. आणि किलो आजीलाही तपासता येतो. न्यूटनचं माप तिच्या गाठोड्यात कुठून असणार?" मला ते पटायला बरीच वर्षं लागली.

लहानी वाचली. सकुबाईनं आपला किलो पडवीतल्या कोनाड्यात ठेवून दिला आणि देवकीताईंना बजावलं, "आधी ह्याला माजा किलो दाखव, मंग पोरं." दर महिन्याला माझी परीक्षा! आधी अपमान वाटायचा. मग त्या लोखंडाची वाट बघायला लागलो.

पुढे सकुबाई गेली. नवा बॅटरीवाला काटा आला आणि माझ्यावर गंज चढला. एकदा बॅटरी संपली, तेव्हा मला पुन्हा वाशाला टांगलं. लहानी तेव्हा सातवीत होती. तिनं आजीचा किलो झोळीत टाकला आणि कपाळाला आठी घातली. काढला, परत टाकला.

"ताई, हा किलोच्या पुढं जातोय. जास्त दाखवतो."

माझी स्प्रिंग सैल पडली होती. त्या दिवशी एखादं हडकुळं पोर माझ्यामुळे धडधाकट ठरलं असतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

"आता ह्याचं नाय ऐकायचं," लहानी म्हणाली. तिनं ओढणीनं माझा गंज पुसला आणि मला या खिळ्याला लावलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, पुसा, तेलपाणी करा. पण आमच्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. संशय आला तर ओरडून निघून जाऊ नका, तपासून बघा. माझी खरी काळजी घेतली ती तपासणाऱ्यांनीच.

लहानीनं मला पुसलं, नीट टांगलं, पण आजीचा किलो माझ्याजवळ ठेवला नाही. तो तिनं नव्या काट्याशेजारी नेऊन ठेवला.