बाहेरच्या बाजूची कडी

दाराला बिजागऱ्या तीन. बाहेरच्या बाजूला कडी एक, तिचे स्क्रू चार. आतल्या बाजूला काहीच नाही. मित्रांनो, ती गंज धरलेली जुनी कडी म्हणजे मी.

वर्ध्याच्या दुकानात खोक्यात पडून होते, तेव्हा मला वाटे, आपण चोर अडवणार. पिपरी मेघेच्या या घरात मला शाल्मलीच्या खोलीवर बसवलं. शाल्मली आता पंधरा वर्षांची आहे. तिला गोष्टी उशिरा समजतात, पण चालायला फार आवडतं. चार वर्षांपूर्वी ती एकटीच निघाली आणि मोठ्या रस्त्यावर ट्रकसमोर सापडली. त्याच संध्याकाळी मी आले.

तिची आई ज्योत्स्नाताई कचेरीत कारकून. घरी आजोबा, पण त्यांचे गुडघे तिच्यामागे धावण्याचे नाहीत. म्हणून मी साडेदहाला लागे, जेवणाच्या तासापुरती निघे आणि मग थेट सहाला. दिवसाचे साडेसहा तास. "कडी आहे म्हणून पोरगी आहे," असं आजोबा म्हणत. मला मिळालेली स्तुती एवढीच. शाल्मली आतून तीनदा ठोके. मी खडखडत असे, निघत नसे. कडीला आपणहून निघता येत नाही.

एका शनिवारी रक्षाताई आली. ती दिव्यांग मुलांच्या संस्थेत काम करते.

"समाजमंदिरात मुलं जमतात. शाल्मलीले पाठवा जी."

"अन् निसटली तं?" आईनं विचारलं. "तुम्ही धावाल काय तिच्यामागं?"

"मले तिची खोली तं पाहू द्या."

रक्षाताई आत शाल्मलीपाशी गेली. आई चहा ठेवायला वळली आणि जाता जाता, रोजच्या सवयीनं, मला लावून गेली.

थोड्या वेळानं तीन ठोके पडले.

"थांब ना वं, येऊन राह्यली!" आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

पुन्हा तीन.

"काऊन ठोकून राह्यली? तुले काय गाडी पकडाची हाये?"

मग आतून आवाज आला, "ताई, मी आहो जी आत. रक्षा."

आईनं धावत येऊन मला काढलं. अकरा मिनिटं झाली होती. दोघी दारालगत फरशीवर बसलेल्या होत्या.

"शाल्मलीनं मले तिची जागा देली," रक्षाताई म्हणाली. "म्हणे, इथं फटीतून हवा येते."

आई तिथंच खाली बसली. चहा उतू गेला.

त्यानंतर अशा मुलांच्या सहा घरांनी सहा वार वाटून घेतले. रोज एका घरचं मोठं माणूस रक्षाताईसोबत समाजमंदिरात थांबतं. आईकडे शनिवार. दुपार उतरली की सगळे मैदानापर्यंत चालत जातात. शाल्मली सर्वांत पुढे असते. पहिल्या आठवड्यात ती दोनदा निसटली, दोनदा सापडली. आई रडली, पण मला लावायला आली नाही.

महिन्यानं नत्थूजी सुतारानं माझे चारही स्क्रू काढले आणि मला आतल्या बाजूला, शाल्मलीच्या हाताच्या उंचीवर बसवलं. बाहेर चार भोकं राहिली.

मित्रांनो, घरच्या कडीला अधूनमधून तेल द्या. आणि ती कोणत्या बाजूला आहे, तेही एकदा पाहून घ्या.

काल शाल्मलीनं कपडे बदलायला दार लोटलं आणि मला लावलं. आईनं बाहेरून तीनदा ठोकलं.

"थांब ना वं, येऊन राह्यली!" शाल्मली आतून म्हणाली.

आई बाहेर उभी राहिली. चार मिनिटं वीस सेकंद.