बाळ नसलेली बाळंतीण

ठमाबाई पहिल्यांदा मळ्यात आली तेव्हा आक्काबाई ओट्यावर गलांड्याची फुलं निवडत बसली होती. फाटकातून एक उंच, हाडापेरानं दणकट बाई आत आली. काखेत कापडी पिशवी, पायांत पुरुषी चपला. कुत्रं अंगावर धावलं तरी ती बिचकली नाही. सरळ ओट्यापाशी येऊन म्हणाली, "लताबाई इथंच राहतात ना? मी मालिशवाली."

"मालिश? कोणाला?"

"बाळंतिणीला."

आक्काबाईचा हात पाटीतच थांबला. घरात बाळंतीण होती हे खरं, पण बाळ नव्हतं. आठवड्यापूर्वी सून लता दवाखान्यात बाळंत झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून देवळ्याहून तिचे वडील न्यायला आले होते. पण पायांवर सूज फार, एवढा एस.टी.चा प्रवास नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं म्हणून ती इथंच राहिली. मुलगी झाली ती रडलीच नाही. लता गुंगीत होती. नर्सनं फडक्यात गुंडाळलेला जीव आक्काबाईच्या हातात दिला, आणि लता शुद्धीवर यायच्या आत सगळं उरकूनही झालं. घरी आल्यावर कोणी त्याचं नाव काढलं नाही. पाळणा माळ्यावर गेला. लता भिंतीकडं तोंड करून पडायची. ऊठ म्हटलं की उठायची, जेव म्हटलं की दोन घास गिळायची.

"इथं मूल नाय बाई," आक्काबाई कोरडेपणानं म्हणाली. "चुकून आल्या तुम्ही."

तेवढ्यात घरामागून गोरक्ष आला, आक्काबाईचा एकुलता मुलगा, लताचा नवरा. "आई, मीच बोलावलंय त्यांना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मालिश केली तर अंगातला वात निघंल म्हणल्या."

हे बोलताना त्यानं आईकडं पाहिलं नाही, चपलेनं माती उकरत राहिला. आक्काबाईनं ते बरोबर टिपलं. लहानपणी खोटं बोलतानाही तो असाच पायानं माती उकरायचा.

पण डॉक्टरीणबाईंचं नाव निघाल्यावर ती काय बोलणार? ठमाबाईनं चुलीवर तिळाचं तेल तापवलं, त्यात ओवा आणि लसणाच्या पाकळ्या टाकल्या. वास घरभर पसरला, अगदी बाळंतिणीच्या खोलीचा वास. मग ठमाबाईनं हातातल्या बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या, खोलीत गेली आणि दार आतून लावून घेतलं.

दार लावायचं काय कारण? गोरक्ष मळ्यात परतला होता, घरात बाईमाणूसच तर होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातली विमलाबाई ताक मागायच्या निमित्तानं आली. "मूल नाय तर मालिश कसली गं?" तिनं आवाज खाली आणून विचारलं. "लोकं हसतील. आणि ही बाई कोण? पंचवटीत राहती म्हणं, मूळची कुठली कोणाला ठाऊक नाय. असल्या बाया तेलात काय काय मंतरून घालत्यात. तुझी सून आधीच खचलेली."

आक्काबाईला तेवढंच पुरे होतं. तिचंही एक मूल असंच गेलं होतं, गोरक्षच्या पाठचं. तिसऱ्या दिवशी सासूनं हातात पाटी दिली होती आणि ती फुलं तोडायला गेली होती. कोणी तेल लावलं नव्हतं, कोणी शेकलं नव्हतं. तरी जगलीच की. मग हिलाच एवढे लाड कशाला? आणि त्या बंद दाराआड ही बाई लताच्या कानात काय भरवत असेल? सासू कशी वागते, देवळ्याला निघून जा, असंच काहीतरी असणार.

ती दारापाशी पाणी भरायचं निमित्त करून उभी राहायची. आतून बोलणं कधी ऐकू आलंच नाही. नुसता तेलकट तळव्यांचा आवाज, पायापासून वर, पुन्हा पायापासून वर. मधूनच ठमाबाईचं एखादं, "हं. सोड. खांदा सोड." याचंच आक्काबाईला जास्त भय वाटलं. चहाड्या करणारी बाई तिला कळली असती. न बोलणारी बाई कळेना.

मग एके दिवशी आतून रडणं आलं. हुंदका नव्हे, मोकळा हंबरडा. आक्काबाईनं दारावर थाप मारली. "काय करताय तिला? उघडा!"

"थोडा वेळ थांबा, बाई," आतून ठमाबाई शांतपणे म्हणाली. "तिला रडू द्या."

दार उघडलं तेव्हा लता पांघरुणाखाली गाढ झोपली होती. तोंड अर्धं उघडं, कपाळावर घाम. दवाखान्यातून आल्यापासून ती अशी झोपली नव्हती. आक्काबाईला वाटलं, बरं झालं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, ही झोप की आणखी काही? तेलाची वाटी तिनं उचलून हुंगली, बोट बुडवून जिभेला लावलं. तिळाचं तेल, ओवा, लसूण. आणखी काही असलं तरी जिभेला कळलं नाही.

लताच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येत होता, हे मात्र खोटं नव्हतं. ती आपण होऊन न्हाणीत जाऊ लागली. एकदा भाकरीबरोबर ठेचा मागितला. पण जी बाई माणसाला बरं करू शकते ती बिघडवूही शकते, हे आक्काबाईच्या मनातून जाईना. बुधवारी ती डोळे दाखवायचं सांगून गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मालिश? नाही हो, मी कोणाला सांगितलं नाही." मग म्हणाल्या, "पण तिला बरं वाटत असेल तर चालू दे. पोट तेवढं दाबू नये, आणि ताप आला तर घेऊन या. झोप लागते ना? मग उत्तम आहे."

पुढचं आक्काबाईच्या कानात शिरलंच नाही. मी कोणाला सांगितलं नाही, एवढंच तिच्याबरोबर रस्ताभर चाललं. म्हणजे पोरगा खोटं बोलला होता. का? त्या बाईचं आणि त्याचं काय साटंलोटं? की लतालाच घालवून दुसरी करायचा बेत होता? मुलगा आपला, पण पुरुषाची जात ती पुरुषाची जात.

मळ्याच्या फाटकाशी ती आली आणि तिथंच थबकली. घरामागं शेवग्याच्या झाडाखाली ठमाबाई वाकून उभी होती. हातात वाटी. तिनं ती बुंध्याशी हळूच ओतली, तोंडानं काहीतरी पुटपुटली आणि पायानं वर माती लोटली.

धावतच आक्काबाई पुढं झाली आणि तिनं ठमाबाईचं मनगट धरलं.

"काय पुरलं? बोल! माझ्या दारात काय पुरलं?"

ठमाबाईनं मनगट सोडवून घेतलं नाही. वाटी पुढं केली. तळाशी पांढरट थेंब होते.

"दूध हाय."

"कोणाचं?"

"तुमच्या सुनंचं. आणखी कोणाचं असणार?" ठमाबाई म्हणाली. "छाती दगडासारखी झाली होती तिची. अंगात कसकस होती. तुम्हाला कोणाला सांगायची तिला लाज वाटली. प्यायला लेकरू नाय आणि दूध येतंय, हे सांगायचं कसं? मी शेकते, थोडं काढते, पट्टा बांधते. आता ओसरत आलंय."

"मग पुटपुटत काय होती?"

"गटारात टाकू नका म्हणली ती. पायाखाली येऊ देऊ नका म्हणली. म्हणून झाडाला घालते. झाडाला सांगते, बाबा, हे घे आणि मोठं हो. दुसरं काय म्हणायचं असतं मला नाय माहीत."

आक्काबाईनं मनगट सोडलं. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. तिचं स्वतःचं दूधही असंच आलं होतं, फुलं तोडताना चोळी भिजायची आणि ती पाटी छातीशी धरून चालायची. इतक्या वर्षांत ते तिला आठवलंही नव्हतं. ती तिथंच बांधावर बसली.

तरी संशय सुटला नाही. "तुला डॉक्टरीणबाईंनी पाठवलं नाय. मी विचारून आले."

"मी कधी म्हणले पाठवलं म्हणून? तुमच्या लेकाला विचारा."

संध्याकाळी गोरक्ष बाजारातून रिकाम्या पाट्या घेऊन आला. आक्काबाईनं त्याला हातपायही धुऊ दिले नाहीत. "खोटं का बोललास?"

तो पाट्या एकात एक रचू लागला. मग म्हणाला, "दवाखान्यातून आलो त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी मोटर बंद करायला विहिरीवर गेलो, तर लता काठावर बसलेली. पाय आत सोडून. हाक मारली तर वळंना. खांद्याला हात लावला तर इंगळी डसल्यागत अंग काढून घेतलं. म्हणली, हात लावू नका, माझं अंग मेलंय."

आक्काबाईनं त्याच्या हातातली पाटी काढून घेतली.

"मला काय सुचंना आई. आपल्या बाजारात ती हार विकणारी सुमनबाई हाय ना, तिची बहीण असंच लेकरू गेल्यावर मुकी झाली होती. सुमनबाई म्हणली, ठमाबाईला ने. ती काय बोलत नाय, पण तिच्या हातानं माणूस जागं होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू लताला विहिरीवरून बोलली असतीस. आणि मालिशीला नाय म्हणली असतीस. डॉक्टरचं नाव घेतलं की तू गप बसतीस."

"मी बोलले असते?" आक्काबाई म्हणाली. पण आपण बोललो असतो, हे तिला आतून ठाऊक होतं.

त्यानंतर ती दारापाशी उभी राहिली नाही. तेल तापवून मात्र स्वतः द्यायची. आपल्या हातचं तेल असलं की जिवाला बरं. एवढं तरी तिनं राखलं.

भादव्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आला. पंचवटीतल्या काठच्या गल्ल्यांत पाणी शिरलं, ठमाबाईच्या खोलीतही शिरलं असणार. ती आली नाही. लता खोलीत चटई टाकून वाट पाहत बसली होती. दुपार टळली तसे तिचे खांदे पुन्हा वर चढले, हाताच्या मुठी झाल्या. आक्काबाईनं दारातून ते पाहिलं. ती चुलीपाशी गेली, तेल तापवलं, बांगड्या मागं सारल्या आणि वाटी घेऊन लताच्या पायाशी बसली.

"आत्याबाई, तुम्ही?" लतानं झटकन पाय पोटाशी घेतले. "नको. माझ्या पायाला हात लावू नका. पाप लागंल मला."

"लागलं तर मला सांग. गप पड."

आक्काबाईचे तळवे काट्यांनी आणि देठांनी खरबरीत झालेले. तिला काही येत नव्हतं. लहान लेकरं तिनं पायावर घेऊन न्हाऊ घातली होती, पण ही तर अख्खी बाई होती. आधी लताचं अंग लाकडासारखं होतं. आक्काबाई चोळत राहिली, पोटऱ्या, गुडघे, पाठ. दाराआडून जो आवाज ऐकला होता त्याच्या ठेक्यात. किती तरी वेळानं हाताखालचा खांदा आपोआप खाली आला. जणू कुणी जड पाटी उतरवली.

लता पालथी होती, तोंड भिंतीकडं. तशीच म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तिला पायलं ना?"

आक्काबाईचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. "पायलं."

"मला कोणी दाखवलं नाय."

"तू गुंगीत होती. आम्हाला वाटलं, न पायलेलं बरं."

"कशी होती?"

खोटं बोलायचं की खरं, याचा आक्काबाईला क्षणभर प्रश्न पडला. मग ती म्हणाली, "जावळ लय होतं. काळंभोर. कानापर्यंत. बोटं तुझ्यासारखी लांब. हनुवटीवर खळी होती, ती आपल्यात कोणाची नाय, तुझ्या माहेरची असंल."

"माझ्या बापाला हाय तशी," लता म्हणाली. मग तिची पाठ हलू लागली. आक्काबाईनं तिला गप केलं नाही. हात पाठीवर ठेवला आणि तो पाठीबरोबर वरखाली होत राहिला.

पूर ओसरल्यावर ठमाबाई आली, लुगड्याच्या काठाला अजून गाळ लागलेला. खोलीत गेली आणि आतूनच तिचा आवाज आला, "हा खांदा कोणी रगडला? कणीक हाय का ही?" त्यावर लता हसली. बारीक, पण हसली. ओट्यावर आक्काबाईनं मान खाली घातली आणि फुलं निवडत राहिली.

दसऱ्याच्या आधी झेंडूची तोडणी निघाली तेव्हा लता आपण होऊन वाफ्यात उतरली. आक्काबाई म्हणाली, "दमशील." ती म्हणाली, "दमले तर बसंन." मधल्या पाटाला पाणी सोडलं होतं. गोरक्षनं पलीकडून हात पुढं केला, तिनं तो धरला आणि पाट ओलांडला. बांधावर उभ्या विमलाबाईनं विचारलं, "काय केलं गं त्या बाईनं एवढं?"

"काय करणार? तेल लावलं," आक्काबाई म्हणाली, आणि भरलेली पाटी उचलायला तिलाच बांधावरून खाली बोलावलं.