हरांबेची पाटी

नाव ठेवण्यावरून आपल्याकडे जेवढी डोकी फुटली, तेवढी कशावरूनच फुटली नसतील! अक्कलकोट रोड एमआयडीसीमागच्या वस्तीत पोरांनी वर्गणी काढून अभ्यासिका उभी केली. खोली तयार, पुस्तकं तयार. अडलं ते नावावर. एका गल्लीला आपला महापुरुष हवा, दुसरीला आपला. बैठकीतच कॉलरी धरल्या गेल्या, एकाचा दात पडला.

यशपाल आणि बिरुदेव या दोन गल्ल्यांतले, पण जिवाभावाचे दोस्त. पोलीस भरतीसाठी पहाटे एकत्र धावायचे. त्या बैठकीनंतर ते वेगवेगळ्या रस्त्यांनी धावू लागले.

शेवटी टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या प्रतिक्षाने तोडगा काढला. त्यांचा माल केनियाला जाई. तिथल्या व्यापाऱ्याकडून तिला एक स्वाहिली शब्द कळला होता.

"'हरांबे' ठेवू या. सगळ्यांनी मिळून ओढा, असा अर्थ हाय. जड ओझं ओढताना तिकडं हीच हाक मारतात."

शब्दाला ना जात, ना गल्ली. दोन्हीकडच्यांनी माना डोलावल्या.

यशपालची आई नागूबाई मात्र चिडली. "आफ्रिकेचं नाव चाललं, कारन ते हितं कुनाचंच न्हाय! दोगांचं म्हनून एकबी नाव तुमाला सापडू नये व्हय रं?"

तिचं कुणी मनावर घेतलं नाही. उद्घाटनाच्या सकाळी पाटी रंगवायची होती. यशपाल निळ्या रंगाचा डबा घेऊन आला, बिरुदेव पिवळ्या.

"अक्षरं निळीच!" यशपाल म्हणाला.

"का रं? खोली तुज्या बापाची हाय का?"

झालं! यशपालने डबा त्याच्या तोंडावर फेकून मारला. बिरुदेवने गज उचलून त्याच्या खांद्यावर हाणला. दोन्ही गल्ल्या धावून आल्या. दगड, काठ्या, आयाबहिणींवरून शिव्या! काचा फुटल्या, पिवळा डबाही लवंडला, फरशीवर रंगात रक्त मिसळलं. यशपालने बिरुदेवच्या छातीत लाथ घातली. तो पुस्तकांच्या लोखंडी कपाटावर आदळून खाली पडला आणि ते भरलेलं कपाट त्याच्या पायावर कोसळलं.

"पाय! माजा पाय!"

त्याच्या गल्लीतले चौघे धावले, कपाट हलेना. यशपाल पुढे झाला, तशी एकाने त्याच्यावर काठी उगारली. "हात लावू नगंस!"

नागूबाई मध्ये घुसली. "पोराचा पाय चाललाय आन तुमी गल्ल्या बगताय? कोनत्या तोंडानं ते नाव ठिवलं? ते ओढताना वरडायचं हाय, मेल्यांनो! मग ओढा की!"

काठी खाली आली. निळे हात, पिवळे हात एकाच कडेला लागले. रडत रडत यशपालच ओरडला, "हरांबे!" सगळ्यांनी जोर लावला. दुसऱ्या हाकेला कपाट उठलं.

पाय वाचला, पण नडगी मोडली होती. भरती हुकली ती हुकलीच. दवाखान्यात यशपाल त्याच्या उशाशी बसून होता. "मला मार बिऱ्या, पर बोल की."

"तुला मारून भरती मिळतीया व्हय?" बिरुदेवचे डोळे भरून आले. "गज उचलताना मलाबी लाज वाटली न्हाय."

आज अभ्यासिका चालू आहे. पाटीवर दोन्ही रंगांचे शिंतोडे तसेच ठेवलेत, वर पांढऱ्या खडूने नाव लिहिलंय. बिरुदेव अजून लंगडतो, म्हणून यशपाल त्याला पाठीवर घेऊन पायऱ्या चढतो.

मित्रहो, एकीचं नाव समुद्रापलीकडूनही आणता येतं. एकी मात्र आपल्याच हातांनी ओढून आणावी लागते. आणि ती कुणाचा पाय मोडायच्या आधी आणावी!