काचेकडे पाठ

नेल्डाने नटीच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

“मोजणीच्या टेबलावर पेन चालत नाही, बाई. मतपत्रिकेवर एक टिंब पडलं तरी प्रकरण कोर्टात जातं.”

नटीने गुपचूप मान डोलावली. तिचं नाव डेव्हनी. पस्तिशीच्या पोरीचे केस करडे रंगवले होते, कारण सिनेमात ती नेल्डा होती: वीसेक वर्षांपूर्वीची, काउंटीची निवडणूक अधिकारी. त्या वर्षी गव्हर्नरपदाचा निकाल चिमूटभर मतांवर लोंबकळला आणि आख्ख्या फ्लोरिडातले वकील, कॅमेरे आणि शिव्या पाइनच्या रानातल्या या गावावर येऊन आदळल्या. फेरमोजणी याच खोलीत झाली होती. कायद्याने ती लोकांना दिसलीच पाहिजे, पडदा ओढायचा नाही. म्हणून एक भिंत काचेची, आणि काचेपलीकडे ज्याला यायचं त्याने यावं, ओरडावं. नेल्डा काचेकडे पाठ करून बसली होती.

“पाठ का?” दिग्दर्शक रूबेनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“रविवारी याच लोकांच्या शेजारी चर्चमध्ये बसायचं होतं. कोण काय ओरडतंय ते बघून ठेवायचं कशाला?”

तिला आता या सगळ्याचा वीट आला होता. पाय सुजले होते, आणि सिनेमावाल्यांचे प्रश्न काही संपत नव्हते. तिने त्यांना सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून. ती ऐन मोजणीत बसलेली असताना दुपारी तिचा नवरा रॉयस अंगणात कोसळला. आत जाताना सगळ्यांचे फोन दारात जमा करून घेत, त्यामुळे तिला काही कळलं नाही. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. गावातलं काळं कुत्रंसुद्धा तिला सांगायला आलं नव्हतं. मतांवरून खाल्लेल्या शिव्या ती केव्हाच विसरली, पण हे मात्र तिला कधी गिळता आलं नाही. तेव्हापासून ती कोणाच्या लग्नाला गेली नाही, कोणाच्या मयतालाही गेली नाही.

बाहेर गर्दीच्या प्रसंगासाठी गावातलीच माणसं रोजावर आणली होती. कोणी उकडलेल्या शेंगा खात होतं, कोणी टोपीने वारा घेत होतं.

“तुमच्यापैकी त्या दिवशी खरोखर कोण कोण इथे होतं?” रूबेनने विचारलं.

सगळ्यांनी आपापले बूट न्याहाळले.

“मी बहिणीकडे गेलेलो, पेन्साकोलाला.”

“माझी दाढ दुखत होती बुवा.”

“आम्ही मासे धरायला गेलो होतो. मी आणि हा.”

“मी इथे नव्हतोच हं,” तो दुसरा घाईने म्हणाला.

“म्हणजे काचेवर काय भुतं हात आपटत होती?” रूबेनने कपाळाला हात लावला.

हॉइट बारफील्ड तेवढा काही बोलला नाही. तो नेल्डाचा शेजारी. मधे फक्त तारेचं कुंपण. पण त्याच्या अंगणात दर निवडणुकीला दुसऱ्या पक्षाची पाटी लागायची. मोजणीनंतर त्यांच्यात एवढीच ओळख उरली होती, की रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या तर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं.

पहिल्या दोन वेळा गर्दीचा आवाजच फुटेना. “अरे, प्रार्थनेला आलात काय?” रूबेन ओरडला. तिसऱ्या वेळी मात्र माणसं तापली. चोर, बाहेर ये, लाज वाटू दे, सगळं नीट आठवलं त्यांना. भुतंच ती. नेल्डा कॅमेऱ्यामागे उभी होती, म्हणजे काचेकडे तोंड करून. काचेवर ओरडणारे हे चेहरे ती आयुष्यात पहिल्यांदाच बघत होती. तिला वाटलं होतं राग येईल. पण समोर नुसती थकलेली, कवळ्या लावलेली माणसं होती.

हॉइट घोषणा देत नव्हता. तो दोन्ही तळवे काचेवर आपटत होता, आणि काहीतरी वेगळंच म्हणत होता. जाड काचेतून त्याचा आवाज येईना. गलक्यात तो बुडून जात होता. नेल्डाने त्याच्या ओठांकडे पाहिलं.

नेल्डा. रॉयस. नेल्डा, रॉयस.

टेबलाशी बसलेली डेव्हनी गर्रकन वळली.

“कट! डेव्हनी, तू वळायचं नाहीस!”

“सॉरी. तो माणूस असा काही आपटत होता... मला वाटलं, खरंच काहीतरी झालंय.”

नेल्डा काचेचं दार उघडून बाहेर गेली. हॉइट टोपीने घाम पुसत होता.

“तू आला होतास?”

“आलो होतो.”

“हॉइट, खरं सांग.”

“शेरिफचा माणूस आत सोडेना. म्हणाला, मोजणी थांबवायला रोज कोणाचं ना कोणाचं घर खोटंच पेटतं. मग काचेवर आपटत बसलो. हात सुजले गं.”

“आणि एवढी वर्षं तोंड शिवून बसलास?”

“काय बोलणार?” तो खाली बघत म्हणाला. “मला वाटलं, तू ऐकलंस. ऐकलंस, आणि मोजत बसलीस.”

नेल्डाला संताप आला. इतकी वर्षं जपलेला राग आता कोणावर काढायचा ते तिला कळेना.

“रॉयसजवळ कोण होतं?” तिने विचारलं.

“लोरीन होती. त्याचा हात धरून बसली शेवटपर्यंत. तिनेच तर मला पिटाळलं तुझ्याकडे.”

लोरीन, हॉइटची बायको. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा कुंपणापलीकडे गाड्यांची रांग लागली होती, आणि नेल्डा स्वयंपाकघरात भांडी घासत राहिली होती.

“नेल्डा मॅडम,” आतून रूबेनने हाक मारली, “तुम्ही वळला नव्हता ना? नक्की?”

“नव्हते वळले.”

“मग पुन्हा घेऊ.”

ती आत जाऊन कॅमेऱ्यामागे उभी राहिली. डेव्हनी पाठ करून बसली. बाहेर गलका उठला, आणि हॉइटचे तळवे पुन्हा काचेवर आदळू लागले. या वेळी तो डेव्हनीकडे बघतच नव्हता.

नेल्डा निघाली. कॅमेऱ्यासमोरून, मोजणीच्या टेबलांमधून, सुजल्या पायांनी सावकाश. कोणीतरी म्हणालं, “अहो, चालू आहे!” तिने दार उघडलं. गर्दी आपोआप गप्प झाली.

“काय झालं रे हॉइट?” तिने विचारलं.

तो तिच्याकडे वळला. हात काचेवरच होते.

“रॉयस पडलाय अंगणात,” तो म्हणाला. “लोरीन आहे त्याच्याजवळ. चल लवकर, गाडी चालूच ठेवलीय.”