ढोपराचं माप

गुरुप्रसादने सेडान घ्यायची ठरवली ती वडिलांसाठी. निदान कुडाळात भेटेल त्याला तो तसं सांगत होता, आणि सांगून सांगून त्याला स्वतःलाही ते पटत चाललं होतं.

वडील म्हणजे गणपत, घरात बाबा. प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा उजवा पाय ढोपरात वाकत नाही. दोनेक पावसाळ्यांमागे बंगल्याच्या पुढच्या पायरीची लादी सुटली आणि तिच्याबरोबर बाबाही खाली आले. बंगला गुरुप्रसादनेच बांधलेला. तो कंत्राटदार आहे. त्याने बांधलेल्या घरांतून जून महिन्यात बादल्या कमी पडतात, पण घरं उभी आहेत हे कबूल केलं पाहिजे. बाबांचं ऑपरेशन झालं, आत पट्टी बसली आणि पाय सरळ तो सरळच राहिला. ते खुर्चीत बसले की तो फाटकाच्या आडण्यासारखा समोर आडवा असतो. घरातली माणसं न बघता ओलांडून जातात. सवय होते.

बाबांचं मागणं एकच होतं. त्यांची थोरली बहीण जानकी धामापूरच्या तळ्यापलीकडे, गावच्या घरात अंथरुणाला लागली होती. तिला एकदा बघायचं होतं. पण घरच्या छोट्या गाडीत मागे बाबांचा पाय मावत नव्हता, आणि पुढच्या सीटवर सून संचिता बसत असे, कारण मागे बसलं की तिला मळमळतं. बाबा पुढे बसले असते तर प्रश्न तिथेच मिटला असता. मग नवी गाडी घ्यायला कारण काय उरलं असतं? म्हणून तो विषय कोणी काढला नाही.

"रिक्षान जातंय मी," बाबांनी एकदा म्हणून बघितलं.

"आणि पाय भायर काडून बसतलात? लोक काय म्हणतले, बाबानू? गुरू कंत्राटदाराचो बापूस रिक्षातसून अर्धो भायर!"

मग गुरुप्रसाद गाड्यांचा अभ्यास करू लागला. रोज जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून तो परीक्षणं बघे. साधी सेडान नको, जोरकस इंजिनाची, खाली बसकी, स्पोर्ट म्हणतात ती हवी. बघता बघता त्याला दोन शब्द सापडले, बिल्ड क्वालिटी, आणि त्याची झोप उडाली. आपल्या स्लॅबमध्ये सिमेंट किती पडतं हे बघायला जो कधी उन्हात उभा राहिला नाही, तो आता दाराच्या बिजागऱ्या, पत्र्याची जाडी आणि काचेच्या रबरी पट्ट्यांवर तासन् तास बोलू लागला. पाहुण्यांच्या गाड्यांवर टिचक्या मारून त्यांना वाईट वाटेल असं तोंड करू लागला.

शोरूम गोव्यात होत्या. मागच्या जागेचं माप घ्यायचं तर बाबा बरोबर हवेत. संचिता त्या दिवशी आली नाही, त्यामुळे बाबांना पुढची सीट मिळाली. ती पाठीमागे सरकवली, पाय लांब केला आणि ते गोव्यापर्यंत आरामात गेले. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "गुरू, येताना असोच जानकीकडे जावया?"

"बाबानू, ती वाट उलटी."

पहिली गाडी कोरियन. बाबा मागे बसले, पाय टाकला, आणि तो सबंध आत गेला. पुढच्या सीटला लागायला अजून चार बोटं जागा होती.

"कसं वाटतंय, काका?" टाय लावलेल्या पोराने विचारलं.

"हयसर निजाक येता," बाबा म्हणाले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच हसले असावेत.

गुरुप्रसादने दार लावून बघितलं. खड्. पुन्हा लावलं. खड्. "बिस्किटाचो डबो," तो म्हणाला आणि बाबांना उतरवून घेतलं. शेजारी अशीच गाडी बघत असलेलं एक जोडपं पुढे आलं. "आमच्या सासूबाईंचाही पाय असाच आहे. तुमच्या वडिलांना जरा आमच्या गाडीत बसवून बघू का?" गुरुप्रसादने बाबा दिले. शेजारधर्म असतो.

जपानी गाडीत डोकं छताला लागत होतं. ती गेली.

मग जर्मन. तिचं दार गुरुप्रसादने लावलं आणि डोळे मिटले. धप्प. जुन्या देवळातला आवाज. त्याने दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. मधल्या एका खेपेला बाबांचं पाऊल अजून बाहेर होतं, हे बघायचं राहिलं.

"आये गो!"

इथलाही टायवाला पोरगा धावत आला. त्याने आधी दाराची कड बोटाने चाचपली. "काही नाही झालं, सर. ओरखडासुद्धा नाही. बघा क्वालिटी."

बाबांनी पाऊल चोळलं. जर्मन गाडीच्या मागच्या सीटवर त्यांचा पाय मावत होता, पण पुढची सीट डॅशबोर्डला टेकवली तरच.

"सर, एक विचारू?" पोरगा अदबीने म्हणाला. "काकांचा वापर साधारण किती वर्षांचा धरायचा?"

गुरुप्रसादने बाबांकडे पाहिलं. पाडायच्या घराकडे बघताना भिंत कुठून आधी जाईल याचा तो अंदाज घेतो, तसं. "बघूया," तो म्हणाला.

रात्री जेवताना निर्णय झाला. बाबा पानावर होते, पण बाबांचं काय करायचं याची चर्चा बाबांसमोर करायची घरात पद्धतच आहे. त्यांच्यापासून काही लपवत नाहीत.

"सीट पुढे घेतली तर माझे गुडघे छातीला लागतील," संचिता म्हणाली. "आणि मागे मी बसणार नाही. आधीच सांगते."

"पप्पा, बेसिक बघा," मुलगी गौरजा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. ती कॉलेजात मॅनेजमेंट शिकते. "गाडी पंधरा वर्षं वापरायची. आजोबा काय..." आणि ती थांबली.

"बोल गो, बोल," बाबा म्हणाले. "आजोबा काय पंधरा वर्सां आसाचे नाय. बरोबर आसा हिशोब." त्यांनी भातात कढी कालवली. "गुरू, ती कोरियन घी. माका एकदाच जावचा आसा. मगे वीक तिका."

"एकदा जावच्यासाठी पंधरा वर्सां डबो फिरवू?"

बाबांनी कढीभात संपवला. जर्मन गाडी आली.

आली, आणि अडचण उभी राहिली. नवी गाडी पहिल्यांदा गावच्या रवळनाथासमोर न्यायची, नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. घरातला थोरला देवाला मोठ्याने सगळं सांगतो, मागतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून ते पक्कं करतात. थोरला हयात असताना दुसऱ्याने घातलेलं गाऱ्हाणं देव ऐकत नाही, असं गावात मानतात. म्हणजे बाबा हवेत. आणि गाडीत तर बाबा मावत नाहीत.

वाट संचिताला सुचली. "चिऱ्यांचा टेम्पो आहे ना आपला? मागे खुर्ची ठेवू. मोकळी हवा लागेल बाबांना. आणि जागाही भरपूर."

तेव्हा पुढे जर्मन गाडी, काचा बंद, आत थंडगार. मागे धोंडू ड्रायव्हरचा टेम्पो, त्याच्या हौद्यात दोरीने बांधलेली प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत टोपी धरून बाबा आणि पुढे तोफेसारखा रोखलेला पाय, अशी वरात गावात शिरली. चिऱ्यांची तांबडी धूळ उडून बाबा भुवयांपर्यंत रंगले होते.

"गुरू, बापूस टेम्पोत रे?" देवळाच्या पायरीवरून गावकर, म्हणजे देवाचा मानकरी, ओरडला.

"त्यांचो पाय नाय वाकणा."

"मगे ही गाडी कोणासाठी घेतलंस?"

"बाबांसाठीच."

गावकराने गाडीकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं आणि पानाची पिचकारी टाकली.

बाबांना उतरवून देवळासमोर उभं केलं. नारळ हातात घेण्याआधी त्यांनी गुरुप्रसादला जवळ बोलावलं. जानकीचं घर तिथून समोर, माडांच्या खाली दिसत होतं. "ह्या झाल्यार जानकीकडे जावया मां?"

"बाबानू, थंय पाणंद आसा. गाडी बसकी. तळ घासतलो."

"टेम्पोन?"

"धोंडूक खाणीवर जावचा आसा. भायर पडाचा लागतला लगेच. पुढच्या येळाक बघूया."

बाबांनी माडांकडे पाहिलं. "बरा," ते म्हणाले, आणि नारळ दोन्ही हातांत धरला. शाळेत प्रार्थनेला लागायचा तो आवाज त्यांनी लावला.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुज्या ह्या लेकरान, गुरुप्रसादान, नवी गाडी घेतल्यान आसा. ती तुज्या पायाकडे हाडल्यान आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तिचो पत्रो मजबूत आसा. तेका खंय खरचटा लागा नको, कोणाची वाकडी नजर पडा नको."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराक लांब आयुष्य दी. माज्यासारख्या म्हातारपण दाखव."

"व्हय म्हाराजा!"

"तेचा ढोपारय माज्यासारख्या सरळ होवंदे."

"व्हय म्हाराजा!"

लोकांची लय लागली होती. गाऱ्हाण्यात शब्द कोण ऐकतो? सूर खाली उतरला की ओरडायचं असतं. गुरुप्रसादचं लक्ष तर बॉनेटवर पुढचे पाय ठेवू पाहणाऱ्या बकरीकडे होतं.

"तेच्या चेडवाक हेच्यापरास मजबूत गाडी घेवंदे. हेच्या ढोपराचा माप घेवन घेवंदे. आणि त्या गाडयेक गाऱ्हाणा घालूक हेका टेम्पोत बांदून हयसर हाडूंदे."

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज गुरुप्रसादचा. बकरी गेली होती.

नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. गौरजाने सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. तो नीट आला का म्हणून ती बघू लागली आणि तिचा चेहरा बदलला.

"पप्पा, हे ऐका. आजोबांनी मला पण घातलंय यात."

गुरुप्रसादने ऐकलं. स्वतःचा 'व्हय म्हाराजा' ऐकला. मग नकळत वाकून उजवं ढोपर दाबून बघितलं.

"बाबानू, ह्या काय घातलात तुमी?"

"चुकला काय? लांब आयुष्य मागलंय तुका."

"ता परत घेवा. आत्ताच्या आत्ता."

गावकर आता पायऱ्या उतरून खाली आला होता. इतका खूश तो पालखीलाही दिसत नाही. "घातलेला गाऱ्हाणा घालणाऱ्यानच उतरवचा लागता, गुरू. दुसऱ्या कोणाच्या हातात नाय. आणि तूच मोठ्यान व्हय म्हटलंस. माज्या कानात अजून दडो बसलो आसा."

"बाबानू!"

"डोक्या चलणा नाय माजा," बाबा म्हणाले. "जानकीक बघल्याबिगर काय सुचाचा नाय. धोंडूक जावंदे. मी खंय बसू?"

जमलेल्या गावासमोर संचिता पुढच्या सीटवरून उतरली आणि मागे जाऊन बसली. बाबांनी पुढची सीट शेवटपर्यंत मागे सरकवून घेतली. तिचे गुडघे छातीला लागले. बाबांचा पाय लांबच्या लांब पडला, चार बोटं राखून. गौरजाने सांगितलं की ती चालत येईल.

पाणंद उताराची, कातळाची, मधोमध उंचवटा. पहिल्याच वळणावर खालून कर्र झालं. गुरुप्रसादने दात आवळले.

"आवाज बरो येता," बाबा म्हणाले. "धप्प न्हय, पण बरो."

दुसऱ्या वळणावर पुन्हा कर्र, जरा लांबलेलं. तिसऱ्या वळणाआधी संचिता म्हणाली, "थांबवा." गुरुप्रसादला थांबायला जागा नव्हती. मग नव्या कातडी सीटवर जे व्हायचं ते झालं. काचा बंद होत्या, आणि जर्मन रबरी पट्ट्या इतक्या घट्ट की वासाला बाहेर जायला केसाएवढी फट नव्हती. गुरुप्रसादने याच पट्ट्यांचं कौतुक अख्ख्या कुडाळला सांगितलं होतं.

जानकी पडवीत खाटेवर होती. शेणीएवढी राहिली होती. डोळे मात्र शाबूत.

"कोण? गणू?" ती म्हणाली. "मेल्या, तू अजून जिवंत?"

"तुज्या आधी जावचंय काय? तू थोरली."

"आणि तोंडाक ह्या काय फासलंस?"

"चिऱ्यांची धूळ, बाय. टेम्पोन इलंय." बाबा खाटेच्या कडेला टेकले आणि पाय समोर सोडला. जानकीने तो ओलांडायचा प्रश्न नव्हता. तिने त्यावर हात ठेवला.

अंगणात गुरुप्रसाद पालथा पडून गाडीखाली बघत होता. शेवग्याच्या झाडाला धरून संचिता अजून ओकत होती.

"बाबानू," गाडीखालून आवाज आला, "झाला मां बघून? आता उतरवा ता."

"ह्यो कित्याक बोंबलता?" जानकीने विचारलं.

बाबांनी तिला सगळं सांगितलं, मोठ्याने, गाडीखाली ऐकू जाईल असं. जानकीला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो थांबल्यावर तिने भावाकडे निरखून पाहिलं. "पोटच्या पोराक असा घातलंस? मनापासून घातलंस काय रे?"

"ठरवूक नाय अजून," बाबा म्हणाले. "माका परत कधी हाडतत ता बघूया."

गुरुप्रसाद गाडीखालून बाहेर निघाला. उठताना त्याचं उजवं ढोपर कुरकुरलं, आणि तो तसाच, अर्धा वाकून, ते पुन्हा वाजतं का याची वाट बघत उभा राहिला.