सुमनसाठी फोडलेला नारळ

चोरी दिवाणजीनेच केली, यावर हिंमतराव सरपंचाच्या वावरात कापूस वेचणाऱ्या सगळ्या बायांचं एकमत होतं. भांडण होतं ते एवढंच, की त्याला शिक्षा काय द्यावी.

"तोंडाले काजय फासा न् गाढवावर बसवून फिरवा मुडद्याले," गीताबाई ओटीत कापूस कोंबत म्हणाली.

"त्यात गाढवाचा काय गुन्हा वो माय?" कौशल्याबाईनं विचारलं, तशी कापसाची सगळी पराटी हसली.

आता हा दिवाणजी कोण, तर रेडिओतला. अमडापूरच्या अलीकडच्या या लहानशा गावात ग्रामपंचायतीनं रेडिओ आणला, कडुनिंबावर कर्णा बांधला, आणि दर गुरुवारी दिवेलागणीला त्यातून एका घरची कथा ऐकू येऊ लागली. घर श्रीमंत, सासू कडक, सून सुमन गरिबाघरची. सासूच्या पाटल्या चोरीला गेल्या आणि आळ आला सुमनवर. मग दर आठवड्याला नवा संशय. कधी दिरावर, कधी गड्यावर, आणि बारमाही त्या खोकणाऱ्या दिवाणजीवर. जो माणूस दोन शब्द बोलला की खोकतो त्याच्या पोटात पाप असणारच, हा गावाचा न्याय. सुमनला तर सगळ्यांनी लेकच मानलं होतं. तिकडे रेडिओत तिला ताप चढला, तेव्हा इकडे बायांना भाकर गोड लागली नव्हती.

हसली नाही ती एकटी कोकिळा. तिनं मान वर न करता आपली ओळ धरली होती. ती हिंमतरावाची कोणी नव्हे, रोजानं आलेली. सासर गावातच, वरच्या आळीला, आणि माहेर नाल्यापलीकडे. पोळ्यापासून ती माहेरी, आई अंबूबाईजवळ राहत होती. कारण तिच्यावरही आळ होता. तोही सोन्याचाच.

झालं होतं ते असं. पोळ्याला बैलाच्या कपाळाला सोनं लावायची त्या घरची रीत होती. टेकवायचं, हात जोडायचे आणि लगेच पेटीत ठेवायचं. पण कोकिळेचा नवरा निवृत्ती हौशी गडी. सासू अन्नपूर्णाबाई चुलीपुढे पुरण शिजवत होती, तेवढ्यात तो आत येऊन हळूच म्हणाला, "मायची सोन्याची पोत दे काढून. औंदा सर्ज्याच्या शिंगाले बांधतो. तोरनाखाली सगये पाह्यत राह्यले पाह्यजे. तोरन तुटलं का वापस आनून देतो. मायले सांगू नको." पेटीची किल्ली कोकिळेच्या कमरेला. नवऱ्याला नाही म्हणायची तिची हिंमत झाली नाही. झडत्या म्हणून झाल्या, तोरण तुटलं, वाजंत्री वाजली, बैल उधळले, आणि त्या धुराळ्यात सोन्याची पोत शिंगावरून कुठे गेली ते मातीलाच ठाऊक. दोघं नवरा-बायको अंधार पडेपर्यंत शेणामातीत हात घालून शोधत होती.

ती पोत म्हणजे अन्नपूर्णाबाईच्या नवऱ्याची मागे राहिलेली शेवटची खूण. पेटी उघडल्यावर तिनं जो हंबरडा फोडला तो वेशीपर्यंत ऐकू गेला. किल्ली कोणाकडे? सुनेकडे. कोकिळेनं निवृत्तीकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा दुधात कुस्करत बसला. आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून ती गप्प राहिली, आणि गप्प राहिली म्हणून चोर ठरली.

ती माहेरी आल्यावर निवृत्ती तिला विहिरीवर गाठून सांगायचा, "मायचा राग उतरू दे. मीच सांगतो." मग रेडिओ आला. सगळ्या गावात सुमनसाठी सगळ्यांत जास्त रडायची ती अन्नपूर्णाबाईच. एक दिवस तर ती पाणवठ्यावर सगळ्यांदेखत बोलून गेली, "सुमन सुटली तं मीबी माह्या सुनेले घरी आनीन. माह्या हातूनबी पाप झालं असन बापा."

निवृत्ती त्या दिवशी धावतच आला. "पाह्य, माय पाघयून राह्यली. आता मले काही सांगाचं कामच पडनार नाई. नाटक संपू दे."

"न् सुमन नाई सुटली तं?" कोकिळेनं विचारलं.

"कशी नाई सुटत? न् नाई सुटली तं मी हाये ना."

या शेवटच्या शब्दावर कोकिळा टिकून होती. रेडिओवर तिचा भरवसा नव्हता, माणसावर होता. आणि या बाया? सुमनसाठी पदर भिजवायच्या, पण शेजारच्याच ओळीत वाकलेल्या कोकिळेला एकीनंही विचारलं नव्हतं, की बाई गं, तुझं खरं काय झालं? न दिसणाऱ्या बाईवर माया करायला पैसा पडत नाही. दिसणारीवर करायची म्हटली की तिच्या सासूशी वाकडं येतं.

त्या गुरुवारी शेवटचा भाग होता. आणि तो थेट होणार, नाटकवाले लोकांसमोर उभे राहून बोलणार आणि तसंच्या तसं इकडे ऐकू येणार, असं रेडिओनं आधीच सांगून ठेवलं होतं. थेट म्हणजे काय, ते उकंडराव म्हाताऱ्यानं पारावर समजावून सांगितलं. "तिकडं त्याईनं तोंड उघडलं का इकडं आलंच. मंधात कोनी नाई."

अंबूबाई विचारात पडली. "म्हंजे अजून काहीच झालं नाई म्हना की. चोर अजून ठरला नाई."

"आता बोलतीन तवा ठरन."

"मंग अजून देवाच्या हातात हाये!" म्हणत ती उठली. तासाभरात पाच-सहा बाया मारुतीपुढे नारळ घेऊन उभ्या. पुजाऱ्यानं विचारलं, नाव कोणाचं घेऊ? सुमनचं. कोणाची सुमन? बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी अंबूबाई म्हणाली, "आपलीच म्हना." नारळ स्वच्छ निघाला, पांढराशुभ्र. सुमन सुटलीच असं समजून गीताबाईनं तिथल्या तिथे खोबरं वाटूनही टाकलं.

दिवे लागले तसा कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. थंडी झोंबत होती, माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. कर्ण्यातून आधी नुसती खरखर, मग टाळ्या, मग ओळखीचा खोकला.

"आला चोट्टा!" उकंडराव ओरडला.

दिवाणजीला सगळ्यांनी घेरलं. तो नाही नाही म्हणू लागला. "सोडू नोका त्याले!" इकडून बाया कर्ण्याकडे हात करून ओरडत होत्या, जणू तिकडे ऐकू जातंय. आणि मग सुमनचा आवाज आला. बारीक, कापरा.

"आई, दिवाणजींना सोडा. पाटल्या मीच घेतल्या. माझ्या भावासाठी घेतल्या. मी चोर आहे, मला क्षमा करा."



"ऊठ मुली," रेडिओतली सासू म्हणाली. "लेकरू चुकलं म्हणून आई त्याला टाकते का?" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तिकडच्या लोकांनी वाजवलेल्या. इकडे एकानेही हात हलवला नाही.

मग जो गलका उठला तो काही विचारू नका. उकंडरावाची चप्पल कर्ण्यावर जाऊन आदळली. "दिवाणजीनं पैसे चारले असतीन यायले!" कौशल्याबाई म्हणाली, "इतके दिवस रडलो वो आमी हिच्यासाठी! डोये गेले माहे!" गीताबाईला खोबऱ्याचं दुःख झालं. "मारुतीनंबी फसवलं," असं ती म्हणाली, आणि लगेच कान पकडून तिनं देवाची माफी मागितली.

अंबूबाई मात्र मटकन बसली होती. कोकिळा पाराजवळ उभी होती. तिला वाटलं होतं तसंच झालं होतं.

अन्नपूर्णाबाई उठली. तिचे गाल ओले होते. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती कोकिळेपुढे येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते सासू मोठ्या मनाची होती. मीबी लहान मनाची नाई. सुमननं कबूल केलं तसं तूबी कर, कोकिळे. पाय धर, मी घेतली म्हन, न् चाल घरी. पोतीचं पुन्हा नावबी घेनार नाई मी."

आता साऱ्या गावाला हुरूप आला. नाटक फसलं होतं, पण दुसरं पुढ्यात सुरू झालं होतं, आणि हे त्याहून थेट. "धर वो पाय, धर!" बाया म्हणू लागल्या. अंबूबाईनंसुद्धा लेकीचा पदर ओढला. "धर ना माय. बाकीचं मंग पाहू."

कोकिळेनं गर्दीत निवृत्तीला शोधलं. तो बैलगाडीला टेकून उभा होता. तिनं पाहिल्यावर त्यानं डोळ्यांनीच खूण केली. धर म्हणून. सोपं आहे म्हणून.

ती खूण तिला जेवढी लागली तेवढा चोरीचा आळही लागला नव्हता. मी हाये ना, म्हणाला होता. हा असा होता तो.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमी मोठ्या हा, तुमचे पाय धराची मले लाज नाई. पन चोर म्हनून नाई धरनार. पेटीतून पोत म्याच काढली, हे खरं हाये. पोयाच्या दिशी काढली. कोनाच्या हातात देल्ली न् सर्ज्याच्या शिंगाले कोनं बांधली, ते तुमच्या पोराले विचारा. थो काय उभा हाये."

साऱ्या माना गाडीकडे वळल्या.

"काय म्हनते बे हे, निवृत्ती?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं.

निवृत्तीनं गाडीच्या दांडीवरून हात फिरवला. "मले काय मालूम," तो म्हणाला. "सोनं शिंगाले कोनी बांधते काय?"

"सुमननंबी पह्यले दिवाणजीवरच येऊ देल्लं होतं," कौशल्याबाई पुटपुटली, आणि बऱ्याच माना हलल्या.

 कोकिळा वळली आणि नाल्याच्या वाटेला लागली. मागून अन्नपूर्णाबाईचा आवाज आला, "राह्य मंग मायघरीच!" तो आवाज रागाचा होता, पण सासू बोलत होती ती गाडीकडे पाहत.

घरी अंबूबाईनं चूल पेटवली, दोघींपुरती भाकर टाकली. भाकर उलटत तिनं विचारलं, "खरंच शिंगाले बांधली होती?"

"हाव."

"आधी काऊन नाई सांगतलं वो?"

"तूनं तरी कुठं इचारलं?"

 अंबूबाईनं आपल्या वाट्याचं दूध लेकीच्या ताटात ओतलं.

सकाळी दहिवरात पराटी ओली होती. कोकिळा वेचणीला आली तशा बायांनी माना खाली घालून आपापल्या ओळी धरल्या. दिवाणजीचं नाव काढायलाही कोणी तयार नव्हतं. शेवटी गीताबाई तिच्या ओळीला सरकली.

"धरले असते पाय तं काय बिघडलं असतं कोकिळे? ते सुमन कशी सुटली पाह्य एका शब्दात."

"हाव, सुटली," कोकिळा ओटी कसत म्हणाली. "टाया वाजल्या, न् तिचं संपलं. मले उद्यापासून त्याच घरात भाकरी थापाच्या होत्या गीताबाई, चोर म्हनून."