सकाळची थरथर

"काका, तुमच्याकडचं आभाळ शांत झालंय!" संशोधन केंद्रातल्या मॅडमचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. "सिग्नलमधली ती सकाळची थरथर आठवते? फक्त तुमच्याच गच्चीवर यायची. तीन महिने झाले, गायब! मी त्यावर लेख लिहितेय."

रेडिओवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. रेडिओ दुरुस्त करायचे दिवस केव्हाच सरले होते. आता गच्चीवर केंद्राने बसवलेल्या अँटेनाची निगा राखायची, एवढाच उद्योग. मोबाइलला वाट दाखवणारे उपग्रहांचे सिग्नल ती पकडायची. सूर्य खवळला की वरच्या विजेने भारलेल्या थरातून येताना ते सिग्नल अडखळतात, आणि त्यांच्या अडखळण्यावरून मॅडमना वरचं हवामान कळतं.

तीन महिने. बायको जाऊन तेवढेच झाले होते.

"बघून सांगतो," म्हणत ते गच्चीवर गेले. अँटेनाच्या अगदी पुढ्यात कपड्यांची तार रिकामी होती. शेजारच्या दवाखान्याच्या चादरी धुऊन बायको रोज सकाळी इथेच वाळत घालायची. ओल्या, जड चादरी. "तुमच्या आभाळाला माझी अडचण नाही ना हो?" अशी चेष्टाही करायची. "छे गं!" हे ठरलेलं उत्तर. तिच्या चादरींची ताकद ती काय असणार, असंच त्यांना वाटायचं. पण ओल्या कापडातलं पाणीही सिग्नल अडवतं, हे आता लक्षात आलं.

गप्प बसलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण तिची गोष्ट आभाळाच्या नावावर जावी, हे त्यांना सोसेना.

"मॅडम, ते आभाळ नव्हतं. आमची ही होती," त्यांनी फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे लेख बारगळला," मॅडम म्हणाल्या. "जाऊ दे, फजिती तरी टळली. आता मागची सगळी थरथर गाळून टाकते."

"गाळायची? सगळी?"

"चूकच ना ती, काका."

"हो, बरोबर आहे," ते म्हणाले. "एक सकाळ मला द्याल? कुठलीही चालेल."

चार दिवसांनी कागद आला. त्यावर एकच लांब रेघ होती, मधेच कापरी झालेली. रेडिओवाले खिडकीशी बसून तिच्यावरून बोट फिरवू लागले. ही पहिली चादर. ही दुसरी. ही तिसरी, जरा जास्तच ओली. मग थोडी रेघ सरळ होती. तिथे बोट थांबलं.

इथे ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली असणार.